आठ मुली, आठ बुध

चंपतराव मालगुजार जोडे न काढताच वर्गात शिरले.

"काहून गा मास्तर, माह्या पोरीले सहावा नंबर कोनं देल्ला?"

मनोहर मास्तरांनी खडू खाली ठेवला. महाल भागातल्या या मुलींच्या शाळेत ते वर्षभर हंगामी होते. शनिवारी गॅदरिंग होते, आणि मास्तरांना कायम करायचे की घरी पाठवायचे, ते सोमवारी शाळेची कमिटी ठरवणार होती. चंपतराव त्या कमिटीचे अध्यक्ष. आठ मुली ग्रह होऊन सूर्याभोवती फिरतील असा कार्यक्रम त्यांनी गॅदरिंगसाठी बसवला, एवढाच काय तो बिचाऱ्या मास्तरांचा गुन्हा!

"सुभद्रा शनी आहे, मालगुजारसाहेब. शनी सूर्यापासून सहावा."

"अन् पयला कोन?"

"बुध. म्हणजे बाबाराव वकिलांची देवकी."

झाले! चंपतरावांचा पारा चढला. "गावच्या पोळ्यात तोरणाखाली पयली बैलजोडी आमची. तीन पिढ्या! बाबारावाची जोडी आमच्या मांगं. अन् इथं माह्यी पोरगी सहावी?"

"पण हा क्रम मी नाही हो लावला, तो आकाशातला..."

"सोमवारी आकाशाले मत नाही. मले हाये."

सुभद्रा बुध झाली आणि देवकी शनी. तासाभरात बाबाराव हजर. तेही कमिटीचे मेंबर.

"मी पोरीसाठी स्थळं पाहून राहिलो, अन् तुम्ही तिले शनी बनवता? साडेसाती लावता काय घराले?"

मास्तरांनी देवकीलाही बुध केले. हे कळायचाच अवकाश, उरलेल्या सहा मुलींचे बापही फेटे सावरत आले. शुक्रवारपर्यंत आठच्या आठ मुली बुध! पृथ्वीसुद्धा शिल्लक ठेवली नाही या लोकांनी. माणसाने उभे राहावे तरी कुठे?

"अन् सूर्याचा नंबर किती?" चंपतरावांनी खात्री करून घेतली.

"सूर्याला नंबर नसतो."

"मंग द्या कोनालेबी!"

म्हणून शाळेचा चपराशी कवडू याची तारा सूर्य झाली.

शनिवारी पडदा उघडला. मधोमध उंच खुर्चीवर पिवळ्या लुगड्यात तारा ऐटीत बसली होती. मालगुजारांची पोर, वकिलाची पोर, सगळ्या तिच्याभोवती फिरू लागल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि चंपतराव ताडकन उठले.

"बंद करा! आमच्या पोरी कवडूच्या पोरीले प्रदक्षिणा घालून राहिल्या!"

मागच्या बाकांवरून जो हशा उसळला, तो पडदा पडला तरी थांबेना. मास्तरांनी घरी जाऊन वळकटी बांधली.

सोमवारी मात्र अजब घडले. कमिटीत सगळ्यांचे हात वर! मास्तर कायम! चंपतरावांनी त्यांना व्हरांड्यात गाठले. "पुढल्या साली सूर्य सुभद्रा. समजलं?" बाबारावांनी जिन्यात अडवून देवकीसाठी तेच बजावले. मास्तरांनी दोघांनाही "हो" म्हटले. पुढचे वर्ष पुढच्या वर्षी!

हुश्श करत ते फाटकाशी आले, तर कवडू तोंड फिरवून बसलेला.

"काय झाले रे?"

"बोलूच नोका मास्तरजी! साऱ्यायच्या पोरी पयल्या. अन् माह्या तारीले नंबरच नाही देल्ला तुम्ही!"