पाहुण्यासाठी राखलेले कमोड

सहा महिने जर्मनी, परतल्यावर मॅनेजरची खुर्ची आणि सासुरवाडीत थोरल्या साडूच्याही वरचा मान. क्रूगरसाहेब घरी जेवून खूश झाले, तर रमाकांतांच्या पदरात एवढे पडणार होते. त्यापुढे एक श्रीखंड-पुरीचे जेवण आणि एक कमोड म्हणजे काहीच नव्हते.

परदेशी भागीदारी आल्यापासून कंपनीत सांडपाणी शुद्ध करायचा नवा प्लांट घाटत होता. तो शिकायला जर्मनीला कोणाला न्यायचे, हे तिकडून आलेले क्रूगर ठरवणार होते. रमाकांत सांडपाणी खात्याचे प्रमुख. टाक्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती; टाकीजवळ मात्र ते वाऱ्याची दिशा बघून जात.

छाणी गावातल्या आपल्या घरात त्यांनी हॉलला लागून कमोड बसवून घेतले. निरुपमाबाईंची अट एकच, देवघराची भिंत लागता कामा नये. त्यांनी झाकणावर क्रोशाचे कव्हर घातले आणि घरचे सगळे पूर्वीसारखे मागच्या संडासात जाऊ लागले.

"साहेबांच्या आधी कोणी बसायचं नाही," रमाकांतांनी बजावले.

"बसतंय कोण? खुर्चीवर बसून कोणी हे करतं का? शी!"

त्यामुळे फ्लशची साखळीसुद्धा कोणी ओढून पाहिली नाही. सिमेंट पडू नये म्हणून गवंड्याने आत गोणपाट कोंबले होते. ते काढणे त्याच्या मते प्लंबरचे काम होते आणि प्लंबरच्या मते भंग्याचे.

रविवारी दुपारी साहेब आले. शेजारचा विश्वंभर रमाकांतांच्याच हाताखाली होता. डायनिंग टेबल त्याच्या घरून आणल्यामुळे त्यालाही बोलावणे भाग पडले. पुऱ्या तळायला घेतल्या आणि क्रूगर हात धुऊन येतो म्हणून आत गेले. ते बराच वेळ आत होते. मग साखळीचा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून पाणी आले. नुसते पाणी असते तर पुसता आले असते.

निरुपमाबाई पदर नाकाला लावून सोफ्यावर चढल्या. रमाकांतांनी सफाईवाल्याला हाक मारायला गडी पिटाळला. रविवारी तो सावली गावाला बहिणीकडे जातो, असे कळले. क्रूगरांनी आतून बादली मागितली. आंघोळीची द्यावी तर ती कायमची बाद, पिण्याच्या पाण्याची तर विचारूच नका. नवरा-बायकोचे यावर एकमत होईना, तेवढ्यात विश्वंभरने स्वतःच्या घरची बादली आणून दिली.

क्रूगरांनी बाह्या सरसावल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि गोणपाट बाहेर ओढले. गडगड आवाज करून पाणी उतरले. साबणाने दोनदा हात धुऊन, मोठे यंत्र चालू केल्याच्या आनंदात ते बाहेर आले आणि त्यांनी रमाकांतांपुढे हात केला.

रमाकांत दोन पावले मागे सरले. हात आपोआप जोडले गेले. "नमस्ते सर. आमची संस्कृती."

क्रूगरांचा हात हवेतच राहिला. विश्वंभरने तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

स्वयंपाकघरात निरुपमाबाई कुजबुजल्या, "अहो, त्याच हातानं ते माझ्या ताटात जेवणार?"

"मग काय उपाशी घालवू त्यांना?"

"पत्रावळ आहे की सत्यनारायणाची उरलेली."

सगळ्यांना चकचकीत स्टीलची ताटे आणि क्रूगरांना पत्रावळ. हा खास मान असतो, असे रमाकांतांनी सांगितले. क्रूगर हसले. त्यांना श्रीखंड आवडले असावे, असा रमाकांतांनी त्याचा अर्थ लावला.

सोमवारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून एकच प्रश्न विचारला. प्लांटमधला पाइप तुंबला तर तुम्ही काय कराल?

"माणूस बोलावतो, सर," रमाकांत अभिमानाने म्हणाले.

"काल तो माणूस मी होतो," क्रूगर म्हणाले.

जर्मनीला विश्वंभर गेला. साहेबांचा हात सोडल्यावर घरी जाऊन त्याने कढत पाण्याने अंग खरवडून काढले होते, अंगावर गंगाजल शिंपडले होते आणि तो शर्ट बायकोकडून जाळून घेतला होता; पण ते सगळे बंद दाराआड झाले. तेव्हा हिशेब असा, की क्रूगरांचे थोडे साबणपाणी गेले, विश्वंभरचा एक शर्ट गेला आणि रमाकांतांची जर्मनी.