डावीकडे वळणारी गाडी आणि समंजस गिऱ्हाईक

मनुष्य समंजस आहे, असे आमचा ग्राहक कायदा धरून चालतो. मनुष्याला तसे कळवायचे मात्र राहून गेले आहे.

ऑस्ट्रेलियात, आमच्या क्वीन्सलंडातल्या वारिंगा गावच्या नोलीन टकवेलने डॅरिल स्केग्जच्या दुकानातून नवीकोरी यूट घेतली. (यूट म्हणजे पुढे माणसे, मागे हौदा, हौद्यात कुत्रा. कुत्रा वेगळा घ्यावा लागतो.) गाडी गुणी. फक्त डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा, तो वळण संपेपर्यंत. (हॉर्न काढून टाकावा, तर गाडी रस्त्यावर आणणे बेकायदा.) नोलीनच्या घराकडे डावीकडेच वळावे लागते आणि वळणावर चर्च. पहिल्या महिन्यात तिने दोन लग्ने आणि एक अंत्यविधी वाजवला. अंत्यविधी टेनिस क्लबच्या अध्यक्षांचा होता. तेव्हापासून तिला कोणी खेळायला बोलवेना, जुन्या मैत्रिणी तोंड फिरवू लागल्या.

"गाडी परत घे रे बाबा," ती डॅरिलला रडवेली होऊन म्हणाली. "मला माझी माणसं परत हवीत."

"मग उजवीकडे वळत जा की. तीनदा उजवीकडे वळलं की डावीकडेच होतं."

प्रकरण ग्राहक न्यायाधिकरणात गेले. सुनावणी बोलिंग क्लबात, चहा आणि स्कोन नावाच्या गोडसर पावांसह. निवाडा करायला बसलेल्या बाईंनी कायदा वाचून दाखवला: दोष आधी माहीत असता, तर समंजस गिऱ्हाइकाने ही गाडी घेतली असती काय? नसती, तर पैसे परत.

"मग आणा एखादा समंजस माणूस," डॅरिल म्हणाला.

(गावची लोकसंख्या चारशे बारा. पैकी समंजस, स्वतःच्या मते, चारशे बारा.) शेवटी मला उभे केले, कारण मी स्कोनच्या ताटापाशी सापडलो. मला सगळे सावकाश ऐकवले. हॉर्न, लग्ने, अंत्यविधी, टेनिस. ऐकून मी शपथेवर एवढेच विचारले, "केवढ्याला?"

"मेल्या, तुला भाऊ मानत होते मी," नोलीन म्हणाली.

दावा फेटाळला. नोलीनने तिथल्या तिथे गाडी माझ्या गळ्यात मारली आणि संध्याकाळी ती टेनिस खेळताना दिसली. मला आता कोणी बोलवत नाही. वाईट वाटते, नाही कसे.

तर गाडी विकणे आहे. एकही दोष लपवलेला नाही, तुम्ही सगळे वाचलेत. तरी मघापासून तुमच्या मनात काय घोळते आहे ते मला ठाऊक आहे. लाजू नका, कायद्याने तुम्ही समंजस आहात.

किंमत समक्ष भेटीत सांगेन.