बापूसोंनी वाचवलेली बदकं

"पावणं, आधीच सांगून ठेवतो, ह्यातलं एक अक्षर तुम्हास्नी खरं वाटायचं न्हाय," बापूसो चौगुल्यांनी खुर्चीतच मांडी घालत जाहीर केलं. "वाटलंच, तर माझं नाव बदलून टाका."

पावणं म्हणजे बापूसोंचे व्याही, लेक रूपालीचे सासरे. गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं आलेले. साधा, कमी बोलणारा माणूस. त्यांची चूक एवढीच झाली, की टीव्हीवर नुकताच येऊन बसलेला सेट-टॉप बॉक्स बघून ते सहज म्हणाले, "ह्येच्यात गेमबी खेळाय येत्यात म्हणं." दोन हजार सात साल होतं, असं म्हणायला कुणाची हरकत नव्हती. पण ते बापूसोंच्या घरात म्हणाले.

"गेम?" बापूसोंनी त्या डब्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "ह्यो डबा एका घराला गेम दाखिवतोय. मी अठ्ठ्याण्णव साली एका डब्यावर दोनशे घरास्नी दाखिवलोय!"

"सव्वीस," स्वयंपाकघरातून आवाज आला.

तो पद्मावतीकाकूंचा. त्या आत पोहे परतत होत्या. सदतीस वर्षांच्या संसारात बापूसोंचे आकडे त्या न बघता दुरुस्त करत आल्या होत्या. त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला आलेल्या शेजारच्या बायडाबाई 'बदकं' निघणार हे ओळखून उंबऱ्यावरच टेकल्या. या गोष्टीत त्यांचंही एक मोठं नुकसान झालेलं होतं.

गोष्ट पर्युषणातली. रूपालीनं आपल्या पोरांसाठी एक व्हिडिओ गेम घेतला आणि दिवाळीला आजोळी आल्यावर खेळतील म्हणून आधीच बापूसोंकडे पाठवून दिला. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढासा डबा, त्यात घालायची एक कॅसेट, खेळ निवडायचा बटणांचा एक रिमोट, आणि वायरीला बांधलेलं केशरी प्लॅस्टिकचं पिस्तूल. कॅसेटवर लिहिलेलं होतं दहा हजार खेळ, निघाले चार. त्यातल्या तिनात मोटारी नुसत्याच एकमेकींवर आदळत होत्या. चौथ्यात तळ्यातून बदकं उडायची आणि ती पिस्तुलानं टिपायची.

आता पर्वाच्या पहिल्याच दिवशी बापूसोंनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळ्या समाजासमोर उभं राहून मोठ्यानं नियम घेतला होता, की हे दहा दिवस मुंगीलासुद्धा दुखावणार नाही. बस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष आण्णा मगदूम इतके खूश झाले, की शेवटच्या दिवशीच्या मिरवणुकीत पालखीवर छत्र धरायचा मान त्यांनी तिथल्या तिथं बापूसोंना दिला. चौगुल्यांच्या चार पिढ्यांत हा मान कुणाला मिळाला नव्हता. बापूसोंनी त्याच दिवशी फेट्याला कांजी घालून घेतली.

"मग बदकं कशाला मारालतासा?" व्याह्यांनी विचारलं.

"मारत कुठं हुतो? तेच तर सांगालोय! डबा चालतोय का न्हाय, एवढं टेस्टिंग करालतो."

टेस्टिंग हे अगदीच खोटं नव्हतं. पण एक गोष्ट बापूसोंनी व्याह्यांना सांगितली नाही. लग्न होऊन महिना झाला असताना ते नव्या नवरीला घेऊन गावच्या जत्रेत गेले होते. तिथं फुगे फोडायच्या बंदुकीनं त्यांनी दहा छर्रे मारले. एकही फुगा फुटला नाही. अकराव्या छर्ऱ्यानं दुकानदाराचा कंदील फुटला आणि नवरी पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि आता रोज दुपारी दोन ते चार पद्मावतीकाकू प्रवचनाला बस्तीत जात होत्या. घरात टीव्ही, पिस्तूल आणि बापूसो.

डबा टीव्हीला जोडायला मेकॅनिक बोलवावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी तीस वर्षं पाइप फिटर म्हणून काढली होती. टीव्हीच्या मागं केबलची वायर बघितली आणि त्यांनी ठरवलं, ह्यात काय, पाण्याच्या लाइनीला मारतात तसा एक 'टी' मारायचा. एका तोंडानं केबल, दुसऱ्या तोंडानं गेम, तिसरं तोंड टीव्हीला. पाणी चावी उघडी असेल तिकडं जातं, तसंच हे जाईल.

गेलंही तसंच. फक्त बापूसोंचं घर गल्लीच्या तोंडाला होतं, आणि गल्लीला सिग्नल वाढवून देणारा सयाजी केबलवाल्याचा बुस्टर त्यांच्याच व्हरांड्यात टांगलेला होता. टीव्हीची वायर त्या बुस्टरच्या अलीकडेच फोडलेली होती. बापूसोंनी आपली एक चावी उघडली, पण त्या घटकेला गल्लीत सव्वीस चाव्या उघड्या होत्या, आणि बदकं सगळीकडे गेली.

पहिला दिवस जोडाजोडीतच संपला. डबा आणि वायरींचा गुंता त्यांनी टीव्हीच्या मागं सारला आणि पुन्हा तिथं हात घातला नाही. एकदा बसलेल्या जोडाला परत हात लावायचा नाही, हा फौंड्रीतला नियम. शिवाय टीव्हीच्या मागं फडकं मारायचं काम पद्मावतीकाकूंचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायडाबाई आपल्या टीव्हीसमोर मनुके घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मालिकेतली नायिका आठ महिने बेशुद्ध होती आणि आज ती शुद्धीवर येणार होती. नायिकेच्या पापण्या हलल्या. ओठ थरथरले. ती पहिलं नाव कुणाचं घेते, नवऱ्याचं की डॉक्टरचं, यावर सगळं अवलंबून होतं. तिनं तोंड उघडलं आणि बायडाबाईंच्या टीव्हीवर तळं आलं. तळ्यातून दोन बदकं उठली आणि पंख फडफडत वर निघून गेली.

"मला आधी वाटलं, तिला सपान पडालंय," बायडाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "बेशुद्धीतलं सपान. मी आपली अर्धा तास बदकं बघालो, आता उठंल, मग उठंल. मग पडद्यावर 'गेम ओव्हर' आलं. मला वाटलं, मेली बाई."

"सगळ्या कोल्हापुरात बोभाटा झाला," बापूसोंनी सूत्रं परत हातात घेतली. "बिद्रीच्या कारखान्यावर लोकं ऊस सोडून बदकं बघालेती! काही म्हटले, रंकाळ्यावरची बदकं केबलमधी घुसल्यात. चारजण रंकाळ्यावर जाऊन मोजून आले, किती कमी झाल्यात ते!"

"बिद्रीपतोर केबल जात्या?" व्याह्यांनी बारीक शंका काढली.

"पावणं, प्रेशर हाय म्हटल्यावर जातंय की!"

गल्लीतल्या बायकांनी सयाजीला धारेवर धरलं. सयाजी बिचारा आपल्या फटफटीवरून धावत आला. पण फटफटीचा आवाज गल्लीच्या तोंडालाच ऐकू यायचा, आणि तो ऐकला की बापूसो पर्वातला माणूस असल्यासारखे चटकन भिंतीवरच्या बटणानं डबा बंद करून हातात माळ घ्यायचे. सयाजी व्हरांड्यात चढून बुस्टरला हात लावायचा आणि गल्लीभर मालिका सुरू व्हायची.

"आली, आली!" बायका ओरडायच्या.

सयाजी बापूसोंच्या हातचा चहा प्यायचा, कपाळाचा घाम पुसायचा आणि जायचा. त्याची फटफटी कोपऱ्यावर वळली, की तळ्यातून बदकं उठायची. सयाजीनं बुस्टर बदलला, वायर बदलली, शेवटी त्याला लिंबू-मिरचीही बांधली. बापूसोंनी शिडी धरली.

"काका, मी हात लावलो की पळत्यात, पाठ फिरिवली की येत्यात," सयाजी रडकुंडीला येऊन म्हणाला. "हे माझ्या हातातलं काम न्हाय. हे कायतर येगळंच हाय."

"धीर सोडू नगंस रं," बापूसो म्हणाले आणि त्याला आणखी अर्धा कप दिला.

बापूसो पाच दिवस रोज दोन तास खेळले. आणि इथली एक गोष्टही त्यांनी व्याह्यांपासून लपवून ठेवली. कितीही मारलं तरी एकही बदक पडत नव्हतं. ते खुर्चीतून मारायचे, उभं राहून मारायचे, एक डोळा मिटून, दोन्ही मिटून. बदकं आपली उठायची आणि शांतपणे पडद्याबाहेर निघून जायची. चौथ्या दिवशी त्यांनी टीव्हीच्या काचेला पिस्तुलाची नळी टेकवली आणि घोडा दाबला. बदक नळीखालून निघून गेलं. जत्रेतलं ते हसू त्यांना पुन्हा ऐकू आलं.

सातव्या दिवशी घात झाला. खेळाच्या सुरुवातीला एक चौकट येते आणि ती खेळणाऱ्याचं नाव विचारते, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. फौंड्रीत बसवलेल्या प्रत्येक जोडाखाली आपलं नाव कोरायची त्यांना तीस वर्षांची सवय. त्यांनी रिमोटनं एकेक इंग्रजी अक्षर निवडून, सावकाश, काटेकोरपणे नाव भरलं. गल्लीतल्या सव्वीस टीव्हींवर बंदूक घेतलेल्या एका शिकाऱ्याचं चित्र आलं, आणि त्याच्याखाली सव्वीस ठिकाणी ठळक अक्षरं उमटली: बापूसो. पुढं तीन शून्यं.

दहा मिनिटांत दारात सयाजी, बायडाबाई आणि अर्धी गल्ली उभी राहिली. सयाजीनं आत शिरून 'टी' बघितला आणि तो मटकन खालीच बसला. "काका, मी तुमच्या घरात पाच दिवस चहा पितोय वो!" एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत होता. तासाभरात बस्तीतून बोलावणं आलं.

बस्तीच्या पटांगणात आण्णा मगदूम सतरंजीवर बसले होते. समोर समाज बसला होता, शेवटच्या ओळीत पद्मावतीकाकू. साक्षीसाठी बायडाबाईंना मुद्दाम बोलावलेलं. बापूसोंना आण्णा दिसत नव्हते. त्यांना फक्त कांजी घातलेला फेटा दिसत होता आणि त्याच्यावरून हळूहळू लांब जाणारं छत्र.

"बापूसो," आण्णा म्हणाले, "पर्वात शिकार? नियम घेऊन? छत्र आता मी कुठल्या तोंडानं तुमच्या हातात देऊ?"

बापूसोंना ती तीन शून्यं आठवली.

"आण्णा, माझ्या नावाफुडं आकडा किती हुता?"

"शून्य," कुणीतरी म्हणालं.

"बायडाबाई, तुम्ही रोज बघालतासा. खरं सांगा. एक तरी बदक पडलं?"

बायडाबाई रागानं धुमसत होत्या, पण खोटं बोलणारी बाई नव्हती. "न्हाय," त्या म्हणाल्या. "एकबी न्हाय. सगळी धडधाकट उडून गेली."

"मग?" बापूसो समाजाकडे वळले. "ह्यो खेळ दुसऱ्या कुणाच्या हातात पडला असता, तर काय झालं असतं? मी पिस्तूल अडवून बसलो म्हणून ती वाचली. रोज दोन तास! मुंगीचा नियम तर सगळीच पाळत्यात आण्णा, मी टीव्हीतली बदकंसुदीक मारली न्हाईत. दोन हजार बदकं गेली माझ्या डोळ्याम्होरनं. हातात पिस्तूल असून बोट आवरायचं, हे काय सोपं काम हाय?"

आण्णांनी चष्मा काढून पुसला. मागच्या ओळीत एका म्हातारीनं हात जोडले.

"आणि पावणं," बापूसोंनी व्याह्यांच्या गुडघ्यावर थाप मारली, "छत्र मीच धरलो! मिरवणुकीत आण्णा माझ्या म्हागनं चालत हुते. लोकं बोट दाखवालेती, त्यो बघा, बदकं वाचिवलेला माणूस! सयाजीनंसुदीक हार घातला. एवढी दया करायला, पावणं, काळीज लागतंय."

व्याह्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. "लई मोठं काम केलासा," ते म्हणाले. "खरं वाटतंय की वो. का न्हाय वाटायचं?"

तेवढ्यात पद्मावतीकाकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. पहिली बशी त्यांनी व्याह्यांपुढं ठेवली.

"व्याही, तुम्ही घरातलं माणूस, तुमच्याम्होरं खोटं कशाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती बदकं ह्यांनी न्हाय वाचिवली. मी वाचिवली. पैल्याच दिवशी सांजच्याला टीव्हीमागं फडकं मारताना मला डबा दिसला, त्याला पिस्तुलाची पिन लावल्याली. म्हटलं, पर्वात घरात कशाला पाप. पिन काढून बाजूला ठेवली. ह्यास्नी आजपतोर पत्ता न्हाय. पिस्तूल कशालाच जोडल्यालं न्हवतं. मोकळाच घोडा दाबत बसल्याले."

बायडाबाईंना वाटलं, आता माणूस शरमेनं मान खाली घालणार. पण बापूसोंच्या चेहऱ्यावर शरम कुठंच नव्हती. तिथं हळूहळू, सदतीस वर्षांचा गंज झडावा तसा, निखळ आनंद पसरत चालला होता. ते मांडी मोडून ताडकन उभे राहिले.

"पिनच न्हवती?" ते ओरडले. "पद्मा, म्हंजे माझा नेम चुकत न्हवता! आगं, काचंला नळी टेकवून मारालतो, तरी एक पडंना! मला वाटलं, माझ्याच हातात खोट हाय!"

व्याह्यांचा पोह्यांचा घास तोंडापाशीच थांबला. मग उंबऱ्यावर बायडाबाई कढीपत्त्याची जुडी घेऊन सावकाश उठल्या.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "नेम धरून मारालतासा की वो!"