पंतांच्या कादंबरीतून सगळे बाहेर

एका जंगलात, मुलांनो, दिगंबरपंत नावाचे साळिंदर राहत होते. पाणवठ्यावर कोण कधी पाणी प्यायला आलं, याची नोंद ठेवण्यात त्यांची उभी हयात गेली.

निवृत्त झाल्यावर इतर साळिंदरं गुडघ्यांना तेल लावत बसतात. पंतांनी पाठीवरचा एक काटा उपटला आणि कादंबरी लिहायला घेतली. दुखलं खूप. पण आपल्या नावाचं एक तरी पुस्तक असावं, ही त्यांची लहानपणापासूनची हौस. आता दात हलायला लागले होते. आत्ता नाही तर कधीच नाही.

तीन वर्षांत तीनशे पानं झाली. इथवर सगळं छान होतं. पण कुणी घरी आलं की पंतांच्या पत्नी कालिंदीकाकू चहा टाकायच्या आणि तो निवेपर्यंत पंत एक प्रकरण वाचून दाखवायचे. झालं! जंगलभर बोभाटा.

पहिले आले शेजारचे बापूराव कोल्हे.

"पंत, दुसऱ्या प्रकरणात कोल्हा आहे म्हणे. लबाड आहे का हो?"

"थोडासा."

"अहो, माझ्या मुलीचं लग्न जमतंय! काढा त्याला."

पंत पडले भिडस्त. काढला. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

मग अस्वल आलं. "मध खाणारं अस्वल काढा. मला शुगर आहे, घरी कळेल."

तेही काढलं.

सिंहाचा निरोप आला. "राजा चांगला दाखवलात तर आम्हाला संशय येतो, वाईट दाखवलात तर राग येतो."

राजाही गेला.

शेवटी काकू म्हणाल्या, "ती नायिका मी नव्हे. मी कधी अशी लाजले होते? काढा तिला."

उरली चाळीस पानं. त्यात एक ओढा आणि एक मोठा दगड. पंतांना रडू आलं, पण छापायला दिलं. घुबडाने भर दुपारी डोळे मिटून परीक्षण लिहिलं : 'पात्रांच्या जाचातून मुक्त झालेली कादंबरी.'

आपण खरंच त्यात नाही ना, हे बघायला सगळ्यांनी प्रती घेतल्या. नव्हतेच. मग सगळे तणतणत आले.

"वीस वर्षं तुमच्याकडचा चहा प्यालो," बापूराव ओरडले, "आणि माझ्यावर एक ओळ नाही?"

"तुम्हीच नको म्हणालात ना!"

"म्हणालो! दुसरी पोळी नको म्हणालो तर वाढत नाही का तुम्ही? थोडा आग्रह करायचा होता!"

त्या दिवसापासून पंतांकडे कुणी फिरकेना. सिंहाने नमस्कार घेणं बंद केलं. पंत चार दिवस उदास बसून राहिले. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आता 'काढा' म्हणायलाही कुणी येणार नाही.

त्यांनी दुसरा काटा उपटला. लबाड कोल्हा घातला. अस्वल घातलं, त्याच्या दोन्ही हातांत मध दिला. राजा चांगला चिडका केला. महिन्याभरात दोनशे पानं झाली.

काकू दारात घुटमळल्या. "या खेपेला मी आहे का हो?"

"नको म्हणाली होतीस."

"नकोच," काकू म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

पंतांनी शेजारची जागा झटकली, काकूंना बसवलं आणि नवं प्रकरण सुरू केलं.

तात्पर्य : उतारवयात कादंबरी लिहायची असेल, तर आधी सगळ्या गावाशी भांडण करावे. भांडता येत नसेल, तर प्रत्येकाचे म्हणणे तंतोतंत ऐकावे. भांडण आपोआप होते.