मिस्त्रींचा कान आणि सुनेचे पाय

धाकट्याचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. घरात आलेली सून मेटल संगीतात ड्रम वाजवायची. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे मिस्त्रींनी, ते संगीत मुलाच्या फोनवर एकदाच ऐकलं होतं. अर्ध्या मिनिटात फोन परत देत ते म्हणाले, "आमच्या छापखान्यात एकदा शिशाच्या टाइपांचे सगळे खण जिन्यावरून घरंगळले होते. हुबेहूब तेच! फक्त तेव्हा मालक ओरडत होता, इथे गाणारा ओरडतोय."

छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा जन्म गेला होता. "यंत्र उघडून बघायला लागतं तो कसला मिस्त्री? मी कानाने बघतो!" हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवत.

सून समजूतदार. तिने विजेवर चालणारे रबरी ड्रम आणले. "बाबा, सगळा आवाज माझ्या हेडफोनमध्ये. तुम्हाला कणभर त्रास नाही."

दुसऱ्याच दिवशी ती दार लावून बसली. एका मोठ्या बँडचा ड्रमवाला सोडून गेला होता. त्या जागेसाठी एक गाणं वाजवून संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं. जागा एक आणि पाठवणारे ढीगभर!

इकडे मिस्त्री पेपर वाचत होते. एकदम पायाखालची फरशी थरथरायला लागली. धडधडधडधड!

"अगं ए, मशीनमध्ये काय घातलंयस? दगड?"

"तुमच्या लुंग्या घातल्यात," बायको म्हणाली. "सूनबाई वाजवत असेल."

"तिचा आवाज हेडफोनमध्ये असतो. तिनेच सांगितलं ना? हे बेअरिंग गेलंय! माझा कान सांगतोय."

मिस्त्रींनी कपडे धुण्याचं मशीन बंद केलं. नेमकं त्याच क्षणी आतल्या खोलीत सुनेने दम खायला वाजवणं थांबवलं. धडधड बंद!

"बघ!" मिस्त्रींची छाती फुगली. पाना आला, पकड आली. मागचा पत्रा निघाला, पट्टा निघाला, आणि एक नळी अशी काही निघाली, की सगळं पाणी स्वयंपाकघराकडे फिरायला गेलं. लुंग्या बादलीत, पट्टा खुर्चीवर, मिस्त्री घोटाभर पाण्यात.

आणि पुन्हा धडधडधडधड!

बायकोने पाण्यात पसरलेल्या मशीनकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मशीन तर सगळं खाली सांडलंय. मग वाजतंय काय?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर दारात. "मिस्त्री, आमच्या छताला धाप लागलीय. वरून पाणीपण गळतंय!"

"घाबरू नका मास्तर, सापडलंय. फ्रिजचा कॉम्प्रेसर आहे!"

"आत्ता तर बेअरिंग होतं!" बायको म्हणाली.

"ते वेगळं बिघडलंय."

एवढं बोलून मिस्त्रींनी घराचा मेन स्विच खाली ओढला. धडधड थांबली. मिस्त्री विजयी मुद्रेने मास्तरांकडे वळले. तोच आतलं दार धाडकन उघडलं. घामाने निथळणारी सून, गळ्यात हेडफोन, डोळ्यांत पाणी.

"बाबा! शेवटचाच भाग राहिला होता! रेकॉर्डिंग गेलं सगळं!"

मिस्त्रींचा कान पहिल्यांदाच लाल झाला.

"म्हणजे... ती धडधड तू करत होतीस? कशाने?"

"पायांनी. ड्रमला दोन पेडल असतात, त्यांचा दणका थेट फरशीत उतरतो."

"माणसाच्या पायांनी? अशक्य! दाखव."

पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. मेन पुन्हा वर गेला. पाय भरून आलेले असतानाही सून परत स्टुलावर बसली. मिस्त्री भिंतीला टेकून फरशीवर बसले, हात लादीवर ठेवला आणि डोळे मिटले. कान सवयीप्रमाणे खोट शोधायला लागला. छपाईत एक कागद चुकला की ठेका लंगडतो, आणि मिस्त्रींना तो दोन खोल्यांपलीकडून कळायचा. आता लंगडेल, मग लंगडेल, म्हणून ते वाट बघत राहिले. धडधड वाढली, अचानक तुटली, उलट्या बाजूने सुरू झाली, आणि बरोबर जागेवर येऊन बसली. मिस्त्रींनी डोळे उघडले. सुनेच्या पोटऱ्या थरथरत होत्या, ओठ दातांखाली होता. ठेका मात्र जागचा हलत नव्हता.

गाणं संपलं, पाठवलं गेलं, आणि सून स्टुलावरून घसरून सासऱ्यांशेजारी फरशीवर बसली.

"एकही कागद चुकला नाही," मिस्त्री हळूच म्हणाले. "आमचं जर्मन यंत्र दुपारनंतर चुकायचं."

"म्हणजे आवडलं, बाबा?"

"छे, छे! आवडायचं काय त्यात? घे, पाणी पी."

"पाणी कुठून आणताय?" बायको बाहेरून ओरडली. "जरा इथलं भरून न्या!"

सुनेला जागा मिळाली. दौऱ्यावर निघाली तेव्हा मिस्त्रींनी तिच्या पेडलांना स्वतः तेल घातलं, आणि मास्तरांनी नाक मुरडलं तर त्यांना जिन्यात उभं करून ठेका समजावला. तिचं प्रत्येक नवं गाणं ते पूर्ण ऐकत, डोळे मिटून, हात लादीवर ठेवून.

पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, एका शुक्रवारी सकाळी मिस्त्री गेले. तोवर त्यांनी सुनेची सगळी गाणी ऐकली होती. आवडलं त्यांना एकही नव्हतं.