दोन खोगिरांच्या सायकलीचे चाक बांधिले, ती हकिकत

श्री. ज्याने पृथ्वी वाटोळी केली आणि तिचा आस कोणास दाखविला नाही, त्या चतुर कारागिरास दंडवत घालून, इकडेतिकडे पाहून, दार लोटून लिहितो ऐसे जे: शके अठराशे तीस, कीलकनाम संवत्सर, माघ वद्य पंचमीस एका राज्यात (राज्याचे नाव लिहीत नाही, भिंतीस कान असतात) थोरले सरकार गादीवर असता शेजारील संस्थानातून जासूद आला आणि मुजरा करून म्हणाला की, सरकारांच्या भगिनी आक्कासाहेब अंथरुणास खिळल्या, वैद्यांनी हात टेकले आणि त्यांचा निरोप आहे, "दादा, मागचे मनात धरू नका. तुम्ही आणि रायबा, दोघे एकदा डोळ्यांपुढे उभे राहा, म्हणजे माझा जीव मोकळा होईल." रायबा म्हणजे सरकारांचे धाकटे बंधू रायाजीराव. निरोप ऐकून सरकारांचे डोळे भरून आले आणि मग त्यांनी डोळे पुसले आणि मग विचारिले, "दोघांसच का बोलाविले?"

सरकारांचा स्वभावच ऐसा की दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून प्यावे. रायाजीरावांस मागे ठेवावे तर ते गादीवर बसतील, पुढे पाठवावे तर भगिनीच्या सासरची फौज घेऊन येतील, सबब बरोबरच न्यावे, ऐसे ठरले. मग घोड्यावर जावे तर मोतद्दार फितूर, मेण्यात जावे तर भोई कान देऊन ऐकतात, गाडीत जावे तर बैल शेजारच्याच बाजारातून घेतलेले. तेव्हा पुष्कळ खल होऊन हुजूरचे मनी आले की, जे दाणा खात नाही ते फितत नाही. सबब सायकल नामे दुचाकी करावी, दोन खोगिरांची करावी, वळविण्याचा दांडा पुढे धाकट्यांचे हाती आणि ब्रेक मागे आपले हाती ठेवावा. चौकट पाण्याच्या जुन्या नळांची जुळविली, ती सहज जाहली. परंतु बाजारची चाके लावून दोघे बंधू बसले मात्र, मागले चाक वाकले, कारण दोघेही अंगाने घराण्यास शोभतील ऐसेच होते. तेव्हा जाड रिंग आणि जाड तारा आणवून ते चाक घरीच बांधण्याचा हुकूम जाहला.

आता त्या राज्याची रीत सांगणे प्राप्त आहे. तेथे कोणतेही काम एकाचे हाती पुरे देत नसत. कुलूप एकाकडे तर किल्ली दुसऱ्याकडे. आमटीत मीठ एकाने घालावे, चिंच दुसऱ्याने आणि तिसऱ्याने आधी चाखावी, म्हणून त्या दरबारी आमटी कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही. त्याच रीतीने चाकाच्या उजव्या अंगच्या तारा रायाजीरावांस आणि डाव्या अंगच्या दिवाण सखोपंतांस वाटून दिल्या, तारा आवळण्याची एकेक चावी दोघांच्या कमरेस बांधिली आणि दोघांस निरनिराळे एकांती बोलावून सांगितले, "दुसऱ्यावर नजर असू द्या."

मग रायाजीराव सकाळी येऊन चाक फिरवीत आणि रिंग डावीकडे ओढलेली पाहून म्हणत, "पंतांनी डाव साधला!" आणि आपल्या तारा आवळीत. दुपारी सखोपंत येत आणि रिंग उजवीकडे पाहून म्हणत, "धाकट्या सरकारांनी दगा केला!" आणि आपल्या आवळीत. सैल कोणी करीना, कारण सैल करणे म्हणजे माघार. एकमेकांस विचारावे तर दोघे बोलताना दिसले म्हणजे कट ठरतो. ऐसे चालता तारा इतक्या ताणल्या की टिचकी मारता सतारीगत वाजू लागल्या आणि पंतांस तेही कोणाचे तरी इशारेच वाटले. इकडे दुसरा जासूद येऊन म्हणाला, "आक्कासाहेब दाराकडे तोंड करून निजतात." सरकार म्हणाले, "निघालोच म्हणावे," आणि सायकलीवर बसले. त्यासरशी चाक कढईतल्या पापडागत मुरडले आणि सरकार फरशीवर आले.

"कोणी केले?" सरकार गरजले. पंतांनी रायाजीरावांकडे बोट दाखविले. रायाजीराव संतापून बोलिले, "दोघांनी केले, दादा, आणि तुमच्या हुकमाने केले! दोन्ही अंगच्या तारा एकमेकींस ओढून धरतात म्हणून चाक उभे राहते, पण ओढणारा हात एक पाहिजे. दोन्ही चाव्या मला द्या. आक्का वाट पाहते आहे हो."

सरकारांनी बंधूचे तोंड पुष्कळ वेळ न्याहाळिले आणि मग त्या राज्यात जे कधी घडले नव्हते ते घडले, पंतांची चावी सोडवून रायाजीरावांस दिली. रायाजीरावांनी नवी रिंग घेतली, इकडे आवळिले, तिकडे सैल केले आणि चाक सिद्ध होता त्याशेजारी काडी रोवून फिरविले, तो रिंग काडीस शिवेना आणि अंतरही सोडीना. सर्वांनी वाहवा केली. रायाजीरावांनी पागोटे बांधिले आणि म्हणाले, "चला, दादा."

सरकारांनी वाकून चाक पुन्हा फिरविले, पुन्हा फिरविले आणि म्हणाले, "इतके सरळ?"

"सरळच."

"आपल्या राज्यात आजवर काही इतके सरळ चालले आहे? ज्या अर्थी खोट दिसत नाही, त्या अर्थी ती लपविली आहे. चाक उकला."

"दादा, पाया पडतो, उकलू नका. त्यात काही नाही हो!"

परंतु आज्ञा जाहली आणि चाक उकलिले. सरकारांनी एकेक तार बोटांतून ओढून पाहिली, आसाच्या पोकळीत दिवा धरून पाहिले आणि काहीच न सापडल्याने अधिकच घाबरे जाहले. तारा फरशीवर पसरल्या असता तिसरा जासूद आला. तो बोडका आला, म्हणून त्यास कोणी काही विचारिले नाही.

रायाजीराव तारांवरून तसेच चालत बाहेर पडले. डोंगर चढून पलीकडे उतरले की भगिनीचे गाव. चालत्या माणसाने सकाळी निघावे आणि दिवेलागणीस पोहोचावे. हे साऱ्या राज्यास ठाऊक होते आणि कोणी बोलले नव्हते, कारण बोलणाराचा हेतू काय, हे आधी विचारिले गेले असते. रायाजीराव पुन्हा परत आले नाहीत.

सरकार एवढेच बोलिले, "खबर खरी कशावरून? शत्रू काहीही कळवील." स्नान केले नाही, सुतक धरले नाही. मग कार्तिकात भाऊबीज आली तेव्हा पाट मांडविला, टोपी नीट केली आणि दाराकडे तोंड करून बसले. दासीने भीत भीत विचारिले, "मी ओवाळू का, सरकार?" तेव्हा म्हणाले, "थांब. ती येईल." निरांजन विझेतो बसून राहिले. ह्यास संशय म्हणावा की माया, हे आम्हांस कळले नाही.

तात्पर्य, बहीण गेली, भाऊ गेला आणि झालेले चाक उकलले गेले. वाचणाराचा आमच्यावर विश्वास बसत नसेल तर उत्तम, आमचाही त्याच्यावर नाही. परंतु घरचे कोणी आजारी माणूस बोलावीत असेल तर आधी पायांत वहाणा घालाव्या आणि खरेखोटे तेथे जाऊन पाहावे. इतके लिहून दार उघडितो.