फांदीसाठी रस्ता

शाळेच्या आवारात सहा झाडे होती. त्यांतल्या भिंतीकडच्या झाडाची एक जाड फांदी वाळून पहिलीच्या वर्गाच्या पत्र्यावर झुकली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज केला. उद्यान विभागाने अवघ्या चौथ्या स्मरणपत्राला तत्परतेने उत्तर दिले. एक अधिकारी, एक नवाकोरा छोटा लोडर आणि झाडावर चढणारा एक कारागीर दाखल झाला. मुलांनी त्याचे नाव लगेच दोरीमामा ठेवले.

दोरीमामाने खोडावर हातोडी वाजवली. "साहेब, हे आतून पोकळ आहे. फांदीचं ओझं याच्यावर नको. शेजारच्या झाडाला उंचावर कप्पी बांधू, दोर तिच्यातून घेऊ आणि फांदी तुकड्या-तुकड्याने अलगद खाली सोडू. तुकडे लोडर उचलेल. जेवायच्या सुट्टीआधी मोकळे!"

"आधी लोडर आत येऊ दे," साहेब म्हणाले. "त्याला बारा फुटांचा मोकळा रस्ता लागतो."

"याला? साडेतीन फुटांचा आहे हा! घराच्या दारातूनही जाईल."

"नियमात लोडर असं लिहिलंय. छोटा की मोठा, ते लिहिलेलं नाही."

बारा फुटांत दोन झाडे येत होती. रीतसर सात दिवसांची नोटीस लावून ती तोडली. लोडरला वळायला जागा हवी, म्हणून आणखी दोन तोडायची ठरली, तेव्हा दोरीमामाने करवत खाली ठेवली. साहेबांनी दुसरा माणूस मागवला. तो झाडावर चढत नसे आणि प्रश्नही विचारत नसे. पाचवे झाड कशाच्याच आड येत नव्हते; परंतु एकटे पडलेले झाड वाऱ्याने कोसळण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशी नोंद करून तेही पाडण्यात आले.

लोडर मग मोठ्या रुबाबात आत आला. साहेबांनी फोटो काढला.

"झालं ना? आता फांदी काढा," बाई म्हणाल्या.

"कप्पी कुठे बांधू?" दोरीमामाने विचारले.

साहेबांनी चारही बाजूंना पाहिले. सहातून पाच गेले, उरले एक, आणि ते पोकळ. हे गणित पहिलीत शिकवतात.

"लोडरला बांध."

"साहेब, ओझं वरून धरायचं असतं. लोडर माझ्या कमरेएवढा!"

"मग फांदी नंतर बघू. रस्ता छान झालाय."

"आणि तिच्याखाली बसणारी माझी मुलं?"

"मुलं शिक्षण विभागाकडे येतात, बाई. आमच्याकडे फक्त झाडं."

आता तुम्ही साहेबांना मनसोक्त हसत असाल. हसा. पण वृक्षतोडीची नोटीस सात दिवस शाळेच्या फाटकावर होती. पोरांना सोडायला आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने गाडी तिच्याच खाली उभी केली. हरकत एकच आली, पहिलीतल्या एका मुलीची. 'झाडे तोडू नका, फक्त फांदी काढा', असे तिने वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. पालकाची सही नाही, म्हणून विभागाने ती फेटाळली.

सही मागायला ती आली होती. तुम्ही फोनमधून मान वर न काढता म्हणालात, "उद्या बघू हं, बाळा."